‘द बिग स्लीप’ घरच्या पडद्यावर कसा पाहावा
हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘द बिग स्लीप’ या रहस्यपटाची डिस्क घेताना तिच्यावर १९४६ ची प्रदर्शित आवृत्ती आणि परदेशातील अमेरिकी सैनिकांना आधी दाखवलेली १९४५ ची आवृत्ती, अशा दोन्ही आहेत ना, हे वेष्टनावर तपासून घ्यावे. प्रथम १९४६ चीच पाहावी. तिच्यात गुन्ह्याची उकल करणारे सरकारी वकिलाच्या कचेरीतले संभाषण गाळून हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे नवे प्रसंग घातले आहेत, आणि कथानकाचा धागा हातून निसटला तरी त्या दोघांची जुगलबंदी मनाला धरून ठेवते. टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरू नये. ‘व्हिव्हिड’ रंगसंगतीही बंद करावी, नाहीतर सावल्यांमधले बारकावे हरवतात. खोलीत अंधार हवाच. दुसऱ्या दिवशी १९४५ ची आवृत्ती लावून ते गाळलेले संभाषण लक्षपूर्वक ऐकावे.