६१७४ चं कोडं आणि हरवलेलं शून्य

डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या गणिती द. रा. कापरेकरांचं हे कोडं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला झकास आहे. चार अंकी संख्या घ्या. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ हजर! (११११ सारख्या संख्या सोडून.)

परवा पावसात लाइट गेलेली. पडवीत, लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर भाची हेच करत होती. “मामा, १००० चं शून्यच येतंय!”

१००० वजा १ म्हणजे ९९९. पुढे तिच्या प्रोग्रामने ९९९ मधून ९९९ च वजा केले. तिथे ०९९९ धरायला हवं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. म्हणून दर फेरीआधी संख्येची स्ट्रिंग (म्हणजे नुसती अक्षरांची ओळ) करून ‘झेडफिल(४)’, म्हणजे zfill(4), लावा; ते डावीकडे शून्यं भरून चार अंक पुरे करतं. गळलेली शून्यं परत येतात.

पाच अंकांना मात्र असा एकच मुक्काम नाही, संख्या चक्रात फिरतात आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग) संपतच नाही. आलेली प्रत्येक संख्या सेटमध्ये (एकेक वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचात) टाका, तीच पुन्हा दिसली की थांबा.