पिक्सल आर्टची सुरुवात: १६ × १६ च्या चौकटीत एक बाटली

पिक्सल आर्ट म्हणजे पडद्यावरचे छोटे चौकोनी ठिपके, म्हणजे पिक्सल, एकेक करून भरत काढलेले चित्र. ते शिकायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी फार मोठा कॅनव्हास उघडतात. ६४ × ६४ च्या चौकटीत ४,०९६ पिक्सल होतात, १६ × १६ मध्ये फक्त २५६. या कलेत प्रत्येक पिक्सल कुठे आणि का, हे आपण ठरवायचे असते. २५६ निर्णय एका बैठकीत नीट घेता येतात, चार हजार नाही. म्हणून पहिली दहा-बारा चित्रे १६ × १६ मध्येच काढा.

लहान चौकटीत डोके किती चालवावे लागते, हे जुन्या कामांत दिसते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या व्हिडिओ गेममधल्या पात्राला, म्हणजे पुढच्या मारिओला, टोपी मिळाली कारण इतक्या कमी पिक्सलमध्ये केस काढणे अवघड होते. मिशी आली ती नाक उठून दिसावे आणि तोंड काढायची गरज पडू नये म्हणून. ग्राफिक डिझाइनर सुझन केअर यांनी अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी आयकॉन केले, तेव्हा आधी आलेखाच्या कागदावर ३२ × ३२ चौकोन धरून ते रंगवून पाहिले. एक चौकोन म्हणजे एक पिक्सल. हा मार्ग आजही उत्तम आहे. चौकटींची वही आणि पेन्सिल घेऊन आकार आधी कागदावर पक्का केलात, तर पडद्यावरची खाडाखोड बरीच कमी होते.

साधन

असेप्राइट हे सॉफ्टवेअर खास या कामासाठी बनवलेले आहे, पण ते विकत घ्यावे लागते. त्याच्याच जुन्या कोडवरून निघालेले लिब्रेस्प्राइट मोफत आहे. पिस्केल ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावे लागत नाही. गिंप हा चित्रे संपादित करण्याचा मोफत प्रोग्रॅमही चालतो, मात्र त्यात ‘पेंटब्रश’ नव्हे, ‘पेन्सिल’ निवडा, आकार १ ठेवा आणि खोडरबरासाठी ‘हार्ड एज’वर टिक करा. हे राहून गेले की कडेला अर्धपारदर्शक पिक्सल उमटतात. दूरून ते दिसत नाहीत. मग बादलीने, म्हणजे मोकळी जागा एका रंगाने भरणाऱ्या साधनाने, रंग ओतला की कडेने मळकट झालर उरते आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. बहुतेक नवख्यांचे चित्र इथेच बिघडते.

कॅनव्हास पारदर्शक ठेवा. त्याखाली मध्यम राखाडी रंगाचा एक थर (लेयर) टाका, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. काम ८०० ते १६०० टक्के झूमवर करा, पण शेजारी त्याच चित्राची १०० किंवा २०० टक्क्यांची दुसरी खिडकी उघडी असू द्या. मोठ्या खिडकीत सुंदर वाटणारा तपशील छोट्या खिडकीत नुसता डाग दिसत असेल, तर तो काढून टाका.

रंग आधी ठरवा

चार रंग पुरेत. मूळ गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्राच्या १६० × १४४ च्या पडद्यावर चारच छटा होत्या आणि त्यांत अख्खे खेळ उभे राहिले. या बाटलीसाठी लाल-हिरवा-निळा या क्रमाने हे आकडे घाला: बाह्यरेषा ३४, ३२, ५२, सावली १२२, ३८, ७२, मूळ रंग २०४, ६२, ६२, उजेड २४६, १६०, १०४.

सावलीचा रंग जांभळ्याकडे झुकला आहे आणि उजेडाचा केशरीकडे, हे लक्षात घ्या. मूळ लालात काळा मिसळून सावली आणि पांढरा मिसळून उजेड केला, तर चित्र धुळकट दिसते. रंगछटा थोडी सरकवली की त्याच चार रंगांत जिवंतपणा येतो.

बाटली

ओळी वरून आणि रकाने डावीकडून १ ते १६ असे मोजा.

आधी बुडाचा गोल. त्याची रुंदी ओळीगणिक अशी: ५ व्या ओळीत ४ पिक्सल, ६ व्या ओळीत ८, ७ व ८ मध्ये १०, ९ ते १२ मध्ये १२, मग उलट क्रमाने १३ व १४ मध्ये १०, १५ मध्ये ८ आणि १६ मध्ये ४. सगळे मधोमध ठेवा, म्हणजे सर्वांत रुंद भाग ३ ते १४ रकान्यांत येईल. आत्ता फक्त कड गडद रंगाने काढा. वरून बाजूकडे येताना कडेचे तुकडे ४, २, २, ४ असे पडतात. गोलाई डोळ्याला पटते ती या चढ-उतारामुळे. ४, १, ३, २ असे तुकडे पडले की गोल ठेचाळलेला दिसतो. तिरप्या सरळ रेषेलाही हाच नियम: प्रत्येक पायरी २ पिक्सलची असेल तर सगळ्या २ च्याच ठेवा.

वळणावर दोन पिक्सल कोपऱ्याला कोपरा लावून भेटले पाहिजेत. तिथे काटकोन भरणारा तिसरा पिक्सल आला की रेषा जाड आणि दातेरी वाटते. हाताने रेषा ओढताना तो हमखास येतो. असेप्राइटमधला ‘पिक्सल-परफेक्ट’ पर्याय तो आपोआप गाळतो, इतरत्र स्वतः पुसा.

आता गळा. ४ थ्या ओळीत ७ आणि १० व्या रकान्यात गडद पिक्सल. ३ ऱ्या ओळीत ६ ते ११ सलग, ही बाटलीच्या तोंडाची कड. बुचासाठी २ ऱ्या ओळीत ७ आणि १०, पहिल्या ओळीत ७ ते १०. गळा बुडाशी जुळतो तिथे, म्हणजे ५ व्या ओळीत, ८ आणि ९ रकान्यांतले गडद पिक्सल पुसा.

भरणे सोपे आहे. ६ ते १५ ओळींचा आतला भाग मूळ लालाने भरा. ४ थ्या व ५ व्या ओळीतले मधले चार पिक्सल उजेडाच्या रंगाने. बुचात डावीकडे उजेड, उजवीकडे सावली.

उजेड वरून डावीकडून येतो असे धरा आणि चित्र संपेपर्यंत तो बदलू नका. सावली उजव्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी: ९ व १० ओळींत १३ वा रकाना, ११ व १२ मध्ये १२ आणि १३, तेराव्या ओळीत १० ते १२, चौदाव्यात ८ ते १२, पंधराव्यात ७ ते १०. चमक तीनच पिक्सलची: ८ व्या ओळीत ६ आणि ७, नवव्यात ६. चमक आणि कड यांच्यामध्ये लाल रंग राहिला पाहिजे. चमक कडेला चिकटली की काच सपाट होते.

कडेने सगळीकडून गडद आणि मध्यभागी उजळ अशी छटा देण्याचा मोह आवरा. याला पिलो शेडिंग म्हणतात. त्यात उजेडाला दिशाच उरत नाही आणि वस्तू उशीसारखी फुगलेली दिसते. दुसरी चूक बँडिंगची: सावलीची हद्द बाह्यरेषेच्या पायऱ्यांना समांतर चालली की दोन्ही मिळून एक जाड पट्टा वाटतो. म्हणूनच वर सावलीच्या पायऱ्या कडेपेक्षा वेगळ्या ठेवल्या आहेत. डिथरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून भरणे, या आकारात नुसती खरखर वाटते. ते ३२ × ३२ पर्यंत बाजूला ठेवा.

जतन करणे

मूळ फाइल १६ × १६ चीच ठेवा. दाखवण्यासाठी वेगळी प्रत मोठी करा, तीही पूर्ण पटीतच: ८ पट केली तर १२८ × १२८. अडीच पट केली तर काही पिक्सल २ चे, काही ३ चे होतात आणि गोल वेडावाकडा दिसतो. मोठे करताना ‘निअरेस्ट नेबर’, म्हणजे शेजारचे रंग न मिसळता पिक्सल तसाच मोठा करणारा पर्याय, निवडा. गिंपमध्ये हाच पर्याय ‘नन’ या नावाने आहे. दुसरे काहीही निवडले की कडा धूसर होतात. फाइल पीएनजीमध्ये साठवा. जेपेगमध्ये पारदर्शकता जाते आणि प्रत्येक कडेभोवती मळकट ठिपके येतात, जे नंतर निघत नाहीत.

बाटली जमली की वेगळ्या प्रतीत तीच हलवून पाहा, म्हणजे एकामागून एक दिसणारी दोन चित्रे (फ्रेम) करा. आधी वरच्या बाजूला एक ओळ वाढवून कॅनव्हासची उंची १७ करा, मग दुसऱ्या फ्रेममध्ये बूच फक्त एक पिक्सल वर घ्या आणि खाली उरलेली जागा गडद रंगाने भरा. प्रत्येक फ्रेमला २०० मिलिसेकंद द्या. एवढ्या दोन फ्रेममध्ये बूच उडू पाहतेय असे दिसू लागते.