बिल्डिंगला जमिनीचा प्रकार जोडताय? मग या चुका टाळा

नकाशाच्या एका लेयरमधे (थरात) गावातल्या सगळ्या बिल्डिंगा, दुसऱ्यात जमिनीचे पॉलिगॉन (हद्द आखलेले तुकडे), म्हणजे शेती, वस्ती, इंडस्ट्री वगैरे, आणि आपल्याला प्रत्येक बिल्डिंगपुढे ती कुठल्या जमिनीवर उभी आहे ते लिहून हवंय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे 'जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन' लावलं की दोन मिनिटात काम होतं, पण ते बरोबर झालंय का हे कोणी बघत नाही. मी हे पहिल्यांदा केलं ते २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या पुरानंतर, नदीकाठची घरं मोजायला. तसल्या यादीतून एक घर सुटलं म्हणजे एक अख्खं कुटुंब सुटलं, म्हणून एवढं सांगतोय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जॉइन झाल्यावर ओळी न मोजणं. बिल्डिंग दोन पॉलिगॉनच्या हद्दीवर असेल तर ती दोनदा येते, एकदा शेतीत आणि एकदा वस्तीत, आणि तुमची बेरीज गुपचूप फुगते. जॉइनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जुळलाच पाहिजे. यावर लोक 'पहिलं मॅच घ्या' हा ऑप्शन निवडतात, तो नका निवडू, कारण पहिलं म्हणजे नेमकं कुठलं याला काही अर्थ नसतो. त्याच यादीत सगळ्यात जास्त ओव्हरलॅप असलेलं एकच घ्या असा ऑप्शन आहे, तो घ्या.

पण तोही एका ठिकाणी फसतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, मोठा रहिवासी पॉलिगॉन असतो आणि त्याच्या पोटात शाळेचं आवार वेगळं काढलेलं असतं, मग शाळेची इमारत दोन्हीत शंभर टक्के बसते आणि ओव्हरलॅप सारखाच येतो. अशा वेळी नियम आधी ठरवा. मी लहान पॉलिगॉनला मान देतो, कारण कोणीतरी मुद्दाम बसून तेवढाच तुकडा वेगळा काढलाय म्हणजे त्याला तिथली जास्त माहिती होती.

काही जण ओव्हरलॅपची भानगड नको म्हणून बिल्डिंगचा सेंट्रॉइड (मध्यबिंदू) काढतात आणि तो बिंदू कुठे पडतो ते बघतात. साध्या चौकोनी घराला चालतं, पण जुन्या चौकाच्या वाड्याचा सेंट्रॉइड पडतो बरोबर मधल्या चौकात आणि एल आकाराच्या चाळीचा तर पार बाहेर, कधी शेजारच्या प्लॉटमधे. बिंदूच हवा असेल तर 'पॉइंट ऑन सरफेस' वापरा, तो बिल्डिंगच्या आतच राहतो.

आता प्रोजेक्शन, म्हणजे नकाशा कुठल्या मापात मांडलाय ते. डेटा बहुतेक वेळा अंशांमधे येतो, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या कोडच्या पद्धतीत, आणि तिथे १० चा बफर (भोवतीचा पट्टा) टाकला तर तो १० मीटर नाही, १० अंश होतो, हजार किलोमीटरच्या वर! सांगली, कोल्हापूर, पुणे असेल तर मीटरमधे मोजणाऱ्या ईपीएसजी ३२६४३ मधे आणा. नागपूर ७८ रेखांशाच्या पूर्वेला आहे, तिकडे ३२६४४ लागतं.

'इनव्हॅलिड जॉमेट्री' (आखलेला आकार बिघडलेला) असा एरर आला की लोक सेटिंगमधे जाऊन अशा फीचर वगळा असं करून टाकतात. एरर जातो आणि त्याबरोबर त्या बिल्डिंगाही जातात. त्यापेक्षा दोन्ही लेयरवर आधी 'फिक्स जॉमेट्रीज' चालवा.

रिकाम्या राहिलेल्या ओळींचं काय करायचं? आपल्या ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी जमिनीचे पॉलिगॉन अजून कोणी काढलेलेच नाहीत, म्हणून रिकामं येतं. तिथे सरसकट 'रहिवासी' भरू नका, 'माहिती नाही' असंच ठेवा.

आणि याच्या उलट चूक, जी मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे शेतजमिनीवर घर दिसलं की डेटा चुकला समजून ते काढून टाकणं. अहो, आपल्याकडे मळ्यात राहणारी माणसं काय कमी आहेत का? गावठाणापासून लांब उसाच्या फडाशेजारी दोन-तीन घरांची वस्ती असते, पुरात नेमकी तीच तुटते. शंका आली तर सॅटेलाइट इमेज लावून बघा, गावातल्या माणसाला विचारा, पण डिलीट करू नका.

नकाशावर शेती दिसते म्हणून सातबाऱ्यावरही शेतीच असेल असं धरू नका, तसंच नकाशावर रहिवासी आहे म्हणजे जमीन एनए झालीय असंही नाही. नकाशातला प्रकार प्रत्यक्ष वापर सांगतो, कायदेशीर दर्जा नाही. रिपोर्टमधे हे एका ओळीत लिहाच, नाहीतर कोणीतरी तो कागद घेऊन तलाठ्याकडे जाईल.

शेवटचं, सेव्ह करताना शेपफाइल हा फॉरमॅट नको. कॉलमचं नाव १० अक्षरांवर कापलं जातं, आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ नसेल तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. जिओपॅकेजमधे ठेवा. आणि जोडलेला प्रकार तुमच्या फाइलमधेच राहू द्या, ओपनस्ट्रीटमॅपवर परत जाऊन प्रत्येक बिल्डिंगला लँडयूजचा (जमीन-वापराचा) टॅग चिकटवू नका. तो टॅग जमिनीच्या तुकड्याचा आहे, बिल्डिंगला तिचा स्वतःचा टॅग असतो.