परदेशात मैत्रिणीकडे राहायला जाताय? आधी तिच्या कुत्र्याशी जमवा, मग बागेत उतरा

मागच्या जूनमध्ये साडेतीन आठवडे इंग्लंडला मैत्रिणीकडे राहून आले. कॉलेजपासूनची मैत्रीण, लग्नानंतर तिकडे गेली ती तिकडचीच झाली, लंडनच्या दक्षिणेला सरेमध्ये घर, घरामागे लांबुळकी बाग आणि बंड्या नावाचा काळा लॅब्रॅडॉर. शेजारचे लोक त्याला बंडी म्हणतात आणि तो त्यालाही ओ देतो. आल्यापासून चार-पाच जणींनी विचारलं की आम्हीही जातोय कुणाकुणाकडे, काय काय बघायचं. बघायचं काय ते युट्यूबवर ढीगभर आहे हो, राहायचं कसं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या मैत्रिणीकडे कुत्रा आणि बाग दोन्ही आहे त्यांनी तर वाचाच, कारण तिकडे या दोन गोष्टी म्हणजे घरातली दोन लहान मुलंच असतात, पाहुणी आली म्हणून त्यांचं वेळापत्रक बदलत नाही.

सामानापासून सुरुवात करू. आपला पहिला विचार म्हणजे चितळ्यांची बाकरवडी आणि पेढे. बाकरवडी न्या, पेढे राहू द्या. भारतातून जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे सगळं बाद. मेतकूट, भडंग, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला या गोष्टी मी खुशाल नेल्या, काही झालं नाही. आता बागवाल्या मैत्रिणी हमखास सांगतात की येताना जरा मोगऱ्याची फांदी आण, अबोलीचं बी आण, कढीपत्त्याचं रोप रुमालात गुंडाळून आण. अजिबात नाही. रोपं, लावायचं बी, फांद्या यांना आपल्याकडचं रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि माती तर नेताच येत नाही. माझ्या मैत्रिणीने कढीपत्ता तिकडेच कुंडीत मिळवलाय आणि तो घरात खिडकीपाशी, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरपासून हातभर लांब ठेवलेला असतो, थंडीत बाहेर ठेवला की गेलाच. चार पानं खुडताना ती जो चेहरा करते ना, सोन्याची चेन विकल्यासारखा. तेव्हा तिच्या घरात पोह्यांना सढळ हाताने कढीपत्ता घालू नका, ही माझी पहिली टीप.

आता बंड्या. आपल्यातल्या बऱ्याच जणींना कुत्र्याची भीती असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, रात्रीच्या गल्लीतली टोळी आणि रेबीजची इंजेक्शनं हे बघतच आपण मोठ्या झालो. तिकडे जमिनीवरच्या जनावरांत रेबीज नाही, भटकी कुत्रीही दिसत नाहीत. पण भीती डोक्याने जात नाही, अंगाने जाते, त्यामुळे हे असं करा. दार उघडलं की कुत्रा धावत येणार. तुम्ही ओरडायचं नाही, हात वर करायचे नाहीत, पिशव्या छातीशी धरून गोल फिरायचं नाही (मी हे तिन्ही केलं). हात वर गेला की त्याला वाटतं वर काहीतरी खायचं आहे, मग तो उडी मारतो. अंग थोडं तिरकं करून उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात खाली सोडायचा आणि त्याला वास घेऊ द्यायचा. त्याच्या दृष्टीने तुम्ही मुंबई विमानतळ, विमानातलं जेवण आणि चकल्या असं चालतंबोलतं वर्तमानपत्र आहात, त्याला नीट वाचू द्या. दोन मिनिटांत संपतं. मग छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवा, डोक्यावर वरून थापट्या मारू नका, त्या बहुतेक कुत्र्यांना आवडत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी मैत्रिणीला विचारून घ्या की त्याला कोणते शब्द कळतात आणि सोफ्यावर चालतं की नाही. आमच्या बंड्याला मराठी कळतं, "बस", "नको", "चल बागेत". मी लाडात येऊन "बस रे बाळा, किती गोड आहेस तू" असं लांबण लावायचे तर तो गोंधळायचा. एक शब्द, एकाच सुरात. आणि घरातला नियम पाहुणीने मोडायचा नाही, तुम्ही तीन आठवड्यांनी परत येता, ती सवय तिला वर्षभर निस्तरावी लागते.

खाण्याचं मात्र नीट लक्ष देऊन वाचा, इथे माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला होता, बंड्या मांडीवर हनुवटी टेकवून बसलेला, मला राहवलं नाही, दिला अख्खा लाडू. मैत्रीण चहा घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. "बेदाणे होते का त्यात?" मी म्हटलं हो, असतीलच की. तिने डब्यातला एक लाडू फोडला, टेबलावर त्याच्यातले बेदाणे मोजले, दोन निघाले, चहा तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्लं म्हणजे चालतं असं सुरक्षित माप नाही, एखाद्याला काहीच होत नाही आणि एखाद्याला थोड्याशानेही होतं. त्यामुळे बघू उद्या असं म्हणायचंच नाही, लगेच व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला फोन. व्हेटने इंजेक्शन देऊन ओकारी काढली, माझा लाडू जसाच्या तसा बाहेर आला, बेदाण्यांसकट. बिल दोनशे पौंडांच्या वर. मैत्रिणीने मला देऊ दिलं नाही, म्हणून मी पुढचे सगळे दिवस लॉन कापलं.

तर आपल्या स्वयंपाकघरातल्या कुत्र्याला न चालणाऱ्या गोष्टी पाठ करा. कांदा आणि लसूण, कच्चा असो की फोडणीतला, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, आणि विमानतळावरून आणलेलं चांगलं डार्क चॉकलेट जास्तच वाईट. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल, म्हणजे पर्स जमिनीवर ठेवायची नाही. मग द्यायचं काय? साधा गाजराचा तुकडा, मीठ न घातलेला भात, तेही विचारून. तुमच्या बीपीच्या गोळ्या आणि बॅगा बंद, झिप लावून. आणि बागेचं फाटक प्रत्येक वेळी कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ओढायचं, नुसतं लोटायचं नाही.

फिरायला न्यायची जबाबदारी मागून घ्या. खरंच सांगते, एकटी असताना त्या रस्त्यावरून मी गेले असते तर कुणी मान वर करून बघितलं नसतं, बंड्याबरोबर गेले तर चौथ्या दिवसापर्यंत सात माणसं ओळखीची झाली, नावं फक्त कुत्र्यांची माहीत. तिकडे सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असलेला बिल्ला कायद्याने लागतो, अंगात मायक्रोचिपही लागते, तुमचं काम एवढंच की बिल्ला आहे ना बघायचं आणि खिशात त्याची शी उचलायच्या पिशव्या ठेवायच्या. हो, ती पिशवी. हातमोज्यासारखी हातात घालायची, उचलायचं, उलटी करायची, गाठ. पहिल्या दिवशी मला मळमळलं, तिसऱ्या दिवशी मी ते करताना समोरच्या आजींशी हवेवर बोलत होते. न उचलल्यास बऱ्याच कौन्सिलांचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकांचा, जागेवर शंभर पौंडांपर्यंत दंड असतो. शेतातल्या पायवाटेवर मेंढ्या दिसल्या की लगेच पट्टा लावा, तिथे "आमचा काही करत नाही हो" चालत नाही. ट्रेनमध्ये कुत्र्याला तिकीट नाही, माणशी दोन कुत्रे फुकट. लंडनच्या ट्यूबमध्येही, म्हणजे भुयारी रेल्वेत, नेता येतो पण सरकत्या जिन्यावर उचलून घ्यावा लागतो आणि बंड्या तीस किलोंचा आहे, तेव्हा आम्ही लिफ्ट असलेली स्टेशनं शोधत बसलो.

बागेकडे वळू. जूनमध्ये जा, माझं स्पष्ट मत. आपल्याकडे तेव्हा पावसाची वाट बघत घामाघूम, आणि तिकडे पहाटे पावणेपाचला उजाडतं आणि रात्री सव्वानऊनंतरही उजेड असतो. जेवून बागेत बसता येतं.

पण उत्साहात काही उपटू नका! मी पहिल्या सकाळी लवकर उठून (साडेचार तासांचा फरक, झोप कुठली येतेय) सरप्राइज म्हणून एक वाफा स्वच्छ केला. ते तण नव्हतं, ती तिने बी टाकून आलेली कॉसमॉसची रोपं होती. ती काही बोलली नाही, फक्त "अगं" म्हणाली आणि दोन मिनिटं त्या वाफ्याकडे बघत राहिली. तेव्हा आधी तिच्याबरोबर एक फेरी मारा, काय आपलं आणि काय परकं ते विचारा. वाढलेलं गवत बघून आळशी समजू नका, तिकडे मेमध्ये मुद्दाम गवत न कापायची चळवळ आहे, मधमाश्यांसाठी. कुंपणाची झाडंही उन्हाळा संपेपर्यंत छाटत नाहीत, आत पक्ष्यांची घरटी असतात.

पाहुणीने बिनधास्त करावीत अशी कामं म्हणजे सुकलेली फुलं खुडणं आणि स्वीट पी कापणं. स्वीट पी आपल्या वाटाण्याच्या नात्यातलं, वास असा की खोलीत चार दांड्या ठेवल्या तरी पुरे, आणि त्याची गंमत म्हणजे जितकी फुलं कापाल तितकी येतात, शेंगा धरू दिल्या की वेल म्हणतो झालं माझं काम. रोज सकाळी कात्री घेऊन जायचं, एक जुडगा स्वयंपाकघरात, एक तुमच्या खोलीत. जमीन खणायला लागलात तर दोन मिनिटांत छातीला तांबडा रंग असलेला रॉबिन येऊन पावलाशी बसतो, वर आलेल्या गांडुळांसाठी. आपला दयाळ एवढा धीट नाही. फॉक्सग्लोव्हची उंच जांभळी घंटेसारखी फुलं दिसायला सुंदर पण झाड विषारी, कुत्र्याला आणि आपल्यालाही, हाताळल्यावर हात धुवा. खाजऱ्या नेटल नावाच्या रानझुडपाला हात लागला तर तासभर चुरचुरतं, तुळस समजून चोळायला जाऊ नका.

आणि स्लग. बिनशंखाची गोगलगाय, बोटाएवढी, चिकट, डेलियाची कोवळी पानं एका रात्रीत फस्त. तिकडे पूर्वी ज्या निळ्या विषारी गोळ्या टाकायचे त्यातल्या मेटाल्डिहाइडवर २०२२पासून बाहेर वापरायला बंदी आहे, कुत्रे आणि साळूसारखे हेजहॉग मरायचे म्हणून. त्यामुळे उपाय हाताचा. रात्री दहाला आम्ही दोघी गाऊनवर गमबूट चढवून, एका हातात टॉर्च, एका हातात जुना दह्याचा डबा, वाकून स्लग वेचायचो. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका. पहिल्या रात्री एकेचाळीस निघाले. वरच्या खिडकीतून शेजाऱ्यांनी पडदा बाजूला करून बघितलं आणि परत लावला. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात तिला तीन महिने भारतात येता आलं नव्हतं, ते तिने मला इतक्या वर्षांच्या फोनांत कधी सांगितलं नव्हतं, ते या डेलियांमध्ये वाकलेली असताना, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी टॉर्च धरून उभी होते, मध्येच म्हणाली, "तिकडे धर ना, तो बघ मोठा."

बाहेरच्या बागा बघायच्याच असतील तर लंडनच्या क्यू गार्डन्स या मोठ्या वनस्पती उद्यानाला एक अख्खा दिवस द्या, ट्यूबच्या डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरून चालत. तिथलं पाम हाउस १८४८मध्ये पुरं झालं, काचेच्या त्या घरात शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि कोकणात आल्यासारखं वाटतं. फक्त तिथे पाळीव कुत्रे नेता येत नाहीत, बंड्याची सोय आधी करा. केंटमधलं सिसिंगहर्स्टही छान, पांढऱ्याच फुलांची बाग आहे, पण माझ्या मते मोठ्या बागांपेक्षा एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरची बाग बघा. नॅशनल गार्डन स्कीम म्हणून प्रकार आहे, १९२७मध्ये ६०९ बागांनी सुरू झाला, तेव्हा माणशी एक शिलिंग घ्यायचे, पैसे नर्सिंगसाठी. आजही लोक ठरावीक दिवशी आपल्या घरची बाग उघडी करतात, थोडे पौंड द्यायचे, बाग बघायची आणि घरी केलेला केक आणि चहा घ्यायचा. काही ठिकाणी पट्ट्यावर कुत्राही चालतो. आम्ही गेलो तिथल्या आजोबांनी मला टोमॅटोच्या बगलेतले फुटवे कसे चिमटीने मोडायचे ते दहा मिनिटं दाखवलं, मी हे चिंचवडच्या गच्चीत पंधरा वर्षं करतेय ते सांगितलं नाही.

निघायच्या तीन आठवडे आधी, म्हणजे पोचल्या पोचल्याच, तिच्याकडच्या डब्यातली मूठभर मेथी रात्रभर भिजवून एका पसरट कुंडीत पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, जाईपर्यंत भाजीजोगी होते. आईस्क्रीमच्या काडीवर तारीख लिहून खोचा. मी उशिरा पेरली, त्यामुळे माझ्या वाट्याला आली नाही. घरी पोचून आठवड्याने तिचा फोटो आला, अर्धी मेथी स्लगनी खाल्लेली, उरलेल्या अर्धीची भाजी कढईत, आणि खाली ओट्याशी बंड्या तोंड वर करून बसलेला. खाली लिहिलं होतं, लसूण घातलाय, याला नाही.