जुना मदरबोर्ड घेतला, पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही? मग हे एकेक करून पाहा

"पंखा फिरून राहिला भाऊ, लाईट बी लागते, पण डिस्प्ले काही येऊन नाही राहिला." सेकंडहँड मदरबोर्ड घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार हीच असते, मग तो नागपूरच्या बर्डीवरून घेतलेला असो, ऑनलाइन मागवलेला असो की कोण्या ऑफिसच्या भंगारातून उचललेला असो. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, बोर्ड डेड आहे. माझं म्हणणं एवढंच की बोर्डाला डेड म्हणायची पाळी सगळ्यात शेवटी येते, त्याआधी एसएमपीएस (बोर्डाला करंट देणारा डबा), रॅम, प्रोसेसर, वायरी हे सगळं तपासून बाजूला काढावं लागतं आणि ते काढताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बोर्ड चालू झाला तर तुम्हाला कारण कधीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी बोर्ड नेमका काय करतो ते नीट पाहून घ्या. बटण दाबल्यावर पंखासुद्धा हलला नाही तर शंका एसएमपीएसवर, स्विचवर किंवा शॉर्टवर. पंखा एक-दोन सेकंद फिरून थांबतो, परत फिरतो, परत थांबतो, असं चालूच राहिलं तर प्रोसेसरची १२ व्होल्टची वायर, रॅम, शॉर्ट नाहीतर बिघडलेला बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा चिपमधला प्रोग्राम. पंखा मस्त फिरतो पण स्क्रीन काळी, तर तीच १२ व्होल्टची वायर, रॅम, सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) पिना किंवा बायोसला प्रोसेसर ओळखू न येणं. आणि कंपनीचा लोगो येतो पण विंडोज येत नाही, तर बोर्ड बहुतेक ठीकच आहे, ते शेवटी सांगतो.

आता बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा. हे लोकांना फार जिवावर येतं पण यातच बऱ्याच केसेस सुटतात, कारण जुन्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या साइजच्या बोर्डाचा एखादा पितळी स्पेसर तसाच राहिलेला असतो आणि तो मागून सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. बोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला त्या पिशवीवर ठेवून करंट देऊ नका, अशा पिशव्यांच्या वरच्या थरातून करंट जाऊ शकतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएसच्या दोन वायरी, २४ पिनची मोठी आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची. ही दुसरी वायर विसरणारे भरपूर आहेत, ती नसली की पंखा फिरूनही डिस्प्ले येत नाही. कॅबिनेटचं बटण लावूच नका, फ्रंट पॅनलच्या पिनांमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना असतात त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. आणि चार पिनच्या जागेत बसणारा छोटा स्पीकर मिळतो तो घेऊनच टाका, एकदम स्वस्त असतो आणि मुक्या बोर्डाला बोलतं करतो, म्हणजे दोष बीप वाजवून सांगतो.

करंट द्यायच्या आधी टॉर्च घेऊन दहा मिनिटं बोर्ड नुसता पाहा. फुगलेले कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे गोल डबे), कुठे काळपट डाग, जळका वास. आपल्याकडे घरोघरी उन्हाळाभर डेझर्ट कूलर चालतो आणि कॉम्प्युटर बहुतेक त्याच्याच हवेत ठेवलेला असतो, त्यामुळे धूळ आणि ओल मिळून बोर्डावर एक थर बसतो, आणि मागच्या जॅकजवळ, बायोस चिपच्या पायांशी, ग्राफिक कार्डच्या स्लॉटमध्ये हिरवट-पांढरी बुरशीसारखी गंज दिसते. पालीची घाण, अंडी, मुंग्या हेही निघतात. हे सगळं मऊ ब्रशने आणि आयपीएने साफ करा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका.

एसएमपीएसबद्दल थोडं लांबण लावतो कारण इथेच सगळे फसतात. कॅबिनेटसोबत आलेल्या हलक्या एसएमपीएसवर लेबल मोठं असतं, जोर नसतो. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडा, एसएमपीएस एकटा चालू व्हायला पाहिजे. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर हिरवीची जागा म्हणजे पिन नंबर १६. एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून लावून ठेवा आणि मल्टीमीटरने मोजा. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी साधारण ३.१४ ते ३.४६ व्होल्टच्या आत पाहिजे. जांभळी वायर मात्र एसएमपीएस चालू न करता, नुसती मेन वायर लावल्यावरच ५ व्होल्ट दाखवते, ती नसेल तर बटण दाबून काही उपयोग नाही, बोर्डाला जागं व्हायलाच करंट नाही. आता महत्त्वाचं, हे सगळे आकडे बरोबर आले तरी लोड आला की एसएमपीएस दम सोडू शकतो, म्हणून शंका असली तर चालत्या पीसीचा एसएमपीएस लावून पाहणं हाच खरा निकाल.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या प्लगला अर्थिंग नाही असं समजा. अर्थिंग नसताना एसएमपीएसच्या फिल्टरमधून बॉडीवर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, माणसाला झिणझिण्या येतात आणि बोर्डाच्या नाजूक आयसींनाही ते चांगलं नाही. आधी अर्थिंग करून घ्या, मग बोर्डाला हात लावा.

ऑफिसमधून निघालेले ब्रँडेड बोर्ड घेतले असतील तर त्यांचं वेगळंच असतं. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ९०२० मध्ये मेन कनेक्टर २४ चा नसून ८ पिनचा आहे, लेनोव्होच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्ये १४ पिनचा. त्यासाठी कन्व्हर्टर केबल मिळते. अशा बोर्डांच्या फ्रंट पॅनलच्या पिनाही आपल्या नेहमीच्या क्रमात नसतात, त्यामुळे अंदाजाने पिना शॉर्ट करू नका, त्या मॉडेलचा डायग्राम शोधा.

आता रॅम. सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, स्लॉटमधली धूळ ब्लोअरने काढा आणि एकच रॅम, एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. रॅम काढूनही पाहा. स्पीकर लावलेला असेल आणि रॅम नसताना बीप येत असेल तर ती चांगली खूण आहे, प्रोसेसर आणि बायोस निदान काम तरी करून राहिले. बीप अजिबात नाही तर दोष रॅमच्या आधीचा आहे. डीडीआर३ घेताना एक पाहा, बाजारात फक्त एएमडीसाठी अशा स्वस्त रॅम मिळतात, इंटेलच्या बोर्डात त्या लावल्या की डिस्प्ले येतच नाही आणि बिचाऱ्या बोर्डावर आळ येतो. जी४१ या जुन्या इंटेल चिपसेटच्या बोर्डवाल्यांसाठी अजून एक, त्यात ४ जीबीची डीडीआर३ चालवायची तर १६ चिपवाली लागते, ८ चिपवाली तो घेत नाही.

रॅम झाली की सॉकेट, आणि इथे घाई अजिबात नको. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात आणि वापरलेला बोर्ड झाकणाशिवाय पाठवला असेल तर काही ना काही वाकलेलं असतंच. टॉर्च तिरपा धरून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा. पिना सरळ असल्या तर ओळीच्या ओळी एकसारख्या चमकतात, कुठे एक वाकली की तिथली चमक तुटते. ओळखीच्या एका पोराचा एच८१ बोर्ड असाच होता, एका स्लॉटमध्ये रॅम लावली की चालायचा, दुसऱ्यात लावली की बीप, सगळे म्हणे स्लॉट गेला. भिंगातून पाहिलं तर कडेच्या ओळीत एक पिन शेजारच्या पिनेला टेकलेली, बारीक सुईने ती अलगद उचलून तिच्या जागी आणली आणि दुसरा स्लॉट चालू झाला. रॅमची वायरिंग प्रोसेसरमधून जाते म्हणून सॉकेटचा दोष स्लॉटवर दिसतो, हे लक्षात ठेवा. कूलर एका बाजूने जास्त आवळला तरी असंच होतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, त्या सरळ करायला ०.५ एमएमच्या क्लिकवाल्या पेन्सिलचं लेड काढलेलं टोक बरं पडतं.

प्रोसेसर आणि बोर्ड जुळतात का ते दुकानदाराच्या तोंडी ऐकू नका, कंपनीच्या सपोर्ट यादीत पाहा. एच६१ बोर्ड २०११ मध्ये इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनच्या प्रोसेसरसोबत आले, त्यात जुना बायोस असेल आणि तुम्ही तिसऱ्या जनरेशनचा आय५-३४७० लावला तर पंखा फिरेल आणि स्क्रीन काळीच राहील. कोणाकडून तरी दुसऱ्या जनरेशनचा आय३-२१०० घंटाभर मागून आणा, त्यावर चालू करून बायोस अपडेट करा, मग आय५ लावा. एच११० मध्ये आठव्या जनरेशनचा प्रोसेसर सॉकेटचं नाव सारखं असूनही चालत नाही. आणि नावात शेवटी एफ असलेला इंटेल किंवा एएमडीचा रायझन ५ ३६०० सारखा असेल तर त्यात ग्राफिक नसतं, बोर्डाच्या एचडीएमआयमधून कधीच काही येणार नाही, ग्राफिक कार्ड लागेलच.

बायोस रीसेट हे सोपं आहे पण लोक अर्धवट करतात. एसएमपीएसची मेन वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो, क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना काही सेकंद जोडा, मग सगळं परत लावा. सीआर२०३२ सेल मोजला आणि २.८ व्होल्टच्या खाली आला तर बदलून टाका, काही बोर्ड सेल मेला की सुरूच होत नाहीत. रीसेटनंतर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होतो, तो रॅम जुळवत असतो, त्यामुळे मिनिटभर तरी हात लावू नका.

एवढं करूनही काहीच नाही तर मल्टीमीटर कंटिन्युटीवर, म्हणजे शॉर्ट असला की वाजणाऱ्या मोडवर ठेवा. प्रोसेसर काढून घ्या आणि ४/८ पिनच्या सॉकेटमध्ये पिवळ्या वायरीची पिन आणि काळ्याची पिन मोजा. टूं वाजलं तर बहुतेक प्रोसेसरला करंट देणारा मोसफेट (स्विचसारखं काम करणारा भाग) शॉर्ट आहे आणि अशा बोर्डात चांगला प्रोसेसर लावायचाच नाही, १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊन तोही मरू शकतो. अनोळखी बोर्डावर हे सगळ्यात आधी केलं तरी चालेल. प्रोसेसर लावलेला असताना सॉकेटजवळच्या कॉइलवर मीटर वाजला तर घाबरू नका, प्रोसेसरचा स्वतःचा रेझिस्टन्सच इतका कमी असतो.

बायोस चिप पुन्हा लिहिणं हे मात्र बाकी सगळं संपल्यावर. चिपवर डेटा लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप मिळते, चिपवर २५क्यू६४ लिहिलं असेल तर ती ८ एमबीची, २५क्यू१२८ म्हणजे १६ एमबीची. आधी जुना डेटा दोनदा वाचून दोन्ही फाइल सारख्या आहेत का पाहा, मगच पुसा, कारण त्यातच बोर्डाचा मॅक अ‍ॅड्रेस आणि सिरियल असतो. ३.३ व्होल्टची चिप असेल तर प्रोग्रामर डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो का हे मोजून घ्या, काळ्या रंगाच्या बऱ्याच प्रोग्रामरमध्ये तो दोष आहे. १.८ व्होल्टच्या चिपला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. असूसची कॅप (.CAP) बायोस फाइल जशीच्या तशी लिहून चालत नाही, तिच्या डोक्यावरचा हेडर काढावा लागतो.

एक प्रकार आपल्या हवेमुळे लपून जातो. मे महिन्यात ४५ डिग्रीत घेतलेला बोर्ड बिनधोक चालतो आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही. म्हातारे कपॅसिटर थंडीत कमजोर पडतात, हे बोर्डात असू शकतं किंवा एसएमपीएसमध्ये, म्हणून आधी एसएमपीएस बदलून पाहा. बोर्डावरचे बदलायचे असतील तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त आणि १०५ डिग्रीवाले लो ईएसआरच (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) टाका. उलट उन्हाळ्यात बायोसपर्यंत जाऊन झपकन बंद पडत असेल तर कूलर पाहा, इंटेलच्या कूलरच्या चारपैकी एखादी पिन नीट बसलेली नसते नाहीतर प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. कोणी हीट गन मारून चालू केलेला बोर्ड विकत असेल तर तो घेऊच नका, ती दुरुस्ती टिकत नाही.

डिस्प्ले आला पण विंडोज येत नाही, निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होतं, तर बहुतेक रीसेटमुळे साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) बदललेला असतो, बायोसमध्ये एएचसीआय आणि आयडीई उलटसुलट करून पाहा. जुन्या डिस्कसाठी बायोसमधलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय, चालू करावं लागू शकतं. तारीख चुकीची असेल तर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची ओरड करतो, घड्याळ लावलं की थांबतं.

आणि टेस्टिंग वॉरंटी (दुकानदाराने तपासून पाहायला दिलेली मुदत) चालू असेल तर सोल्डरिंग आणि चिप लिहिणं या दोन गोष्टींना हात लावू नका, बाकी वरचं सगळं करता येतं. बोर्ड उठला की रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवा, सगळे यूएसबी, सगळे रॅम स्लॉट, लॅन आणि आवाज तपासा, आणि एखादी एरर दिसली तरी त्याच आठवड्यात दुकानात परत घेऊन जा.