प्रशांत महासागरातला लष्करी इंधनपुरवठा : या चुका टाळा

हवाई बेटांहून पश्चिम प्रशांतातलं ग्वाम हे अमेरिकी बेट सुमारे ३,३०० सागरी मैल. १४ नॉटच्या (तासाला १४ सागरी मैल) वेगाने निघालेल्या टँकरला तिथे पोहोचायला दहा दिवस लागतात. म्हणजे ग्वामच्या टाकीतलं इंधन कमी पडलं किंवा खराब निघालं, तर अमेरिकी लष्कराला ती खोट लगेच भरून काढता येत नाही. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: नोंदवहीतलं इंधन म्हणजेच हाताशी असलेलं इंधन, असं धरून चालणं.

टाकी भरलेली आहे, पण वापरता किती येईल?

निकासाच्या तोंडाखालचं इंधन पंप ओढत नाही. तो तळसाठा आणि पाइपलाइनमध्ये अडकलेलं इंधन वजा करूनच उपलब्ध साठा सांगावा.

दुसरी गफलत तापमानाची. जेट इंधन दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०९ टक्के फुगतं. १०,००० किलोलिटर माल ३२ अंशांवर मोजला, तर १५ अंशांच्या हिशेबाने तो जवळपास १५० किलोलिटरने कमी भरतो. ही घट चोरी किंवा गळतीची नसते. म्हणून जहाज आणि किनारा या दोघांचे आकडे आधी एकाच प्रमाण तापमानावर आणावेत. अमेरिकी पद्धतीत ते ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १५.६ अंश सेल्सिअस असतं. तरीही फरक उरला तर क्रमाने पाहा: माल उतरवण्याआधी आणि नंतर लाइन भरलेली होती की रिकामी, जहाज कलतं असताना डिप (टाकीत टेप सोडून घेतलेलं पातळीचं माप) घेतली का, जहाजाच्या टाक्यांत किती माल शिल्लक राहिला.

हिशेबातली तूट म्हणजे इशारा

हवाईतल्या रेड हिल या अमेरिकी नौदलाच्या इंधन केंद्राचं प्रकरण इथेच शिकण्यासारखं आहे. डोंगराच्या पोटात २० टाक्या, प्रत्येक सुमारे २५० फूट उंच, एकूण क्षमता २५ कोटी गॅलन, आणि त्यांच्या तळापासून साधारण १०० फूट खाली पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा. ६ मे २०२१ रोजी इंधन हलवताना व्हॉल्व्हचा क्रम चुकला, लाइनमध्ये दाबाचा धक्का बसला आणि जोड निखळले. सांडलेल्या जेपी-५ या नौदलाच्या जेट इंधनापैकी सुमारे २०,००० गॅलन अग्निशमन यंत्रणेच्या निचरा नळीत शिरलं. ते हिशेबात कमी दिसत होतं, पण कुठे गेलं याचा छडा कुणी लावला नाही. २० नोव्हेंबरला एका गाडीची त्या नळीला धडक बसली, इंधन बाहेर आलं आणि पुढे विहिरीच्या पाण्यात उतरलं. मार्च २०२२ मध्ये ते केंद्र कायमचं बंद करण्याचा आदेश निघाला. प्रशांतातला सर्वांत मोठा साठा असा हातचा गेला.

इथून दोन नियम निघतात. रिकाम्या किंवा कमी दाबाच्या लाइनवर मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडू नये. आधी बारीक प्रवाहाने लाइन भरून दाब सारखा होऊ द्यावा. आणि तापमानाची दुरुस्ती करूनही तूट राहिली, तर ती सापडेपर्यंत पुढचं पंपिंग थांबवावं.

ग्रेडची सरमिसळ

जेपी-५ चा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ६० अंश सेल्सिअस, जेपी-८ या दुसऱ्या लष्करी जेट इंधनाचा ३८. विमानवाहू जहाजावर जेपी-५ च चालतं, कारण डेकखाली बंदिस्त जागेत वाफ पेटण्याचा धोका असतो. एकाच लाइनमधून दोन्ही पाठवल्यास मधला मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत काढावा. जेपी-५ मध्ये थोडं जेपी-८ गेलं तरी फ्लॅश पॉइंट खाली येतो, आणि नमुना नुसता पाहून ते कळत नाही.

पाणी

समुद्रमार्गे आलेल्या मालात पाणी असणारच, असं धरून चालावं. नागरी विमानतळांवरचा नियम उपयोगी आहे: उभ्या टाकीत इंधनाच्या दर मीटर खोलीला ३ तास किंवा एकूण २४ तास, यांपैकी जे कमी असेल तेवढा वेळ निवळू द्यावं. मग डिप टेपला वॉटर पेस्ट (पाणी लागताच रंग बदलणारा लेप) लावून तळ तपासावा आणि पाणी काढून टाकावं. आपल्या पेट्रोल पंपांवर असते तीच ही पेस्ट. यात एक पेच आहे. गोठणरोधक रसायन इंधनापेक्षा पाण्यात जास्त मुरतं, त्यामुळे ओल्या टाक्यांतून प्रवास केलेल्या इंधनात त्याचं प्रमाण घटतं. शक्य असेल तर ते वापराच्या ठिकाणाजवळ मिसळावं. निदान तिथे पुन्हा मोजावं तरी.

समुद्रात भरण्याचा उशीर

मोठे टँकर बंदराबाहेर असताना युद्धनौकांना इंधन पुरवणाऱ्या ताफ्याच्या तेलवाहू जहाजाला समुद्रातच इंधन देतात, म्हणजे त्याची बंदरापर्यंतची फेरी वाचते. पण शेजारी-शेजारी चालत इंधनाची लवचीक नळी (होज) जोडायला समुद्र त्यातल्या त्यात शांत हवा. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळ तो नव्हता. १७ तारखेला अमेरिकी ताफ्याचे इंधन भरण्याचे प्रयत्न फसले आणि दुसऱ्या दिवशी तुफानात तीन विनाशिका उलटल्या; जवळपास ७९० जण गेले. त्यांपैकी 'स्पेन्स'मध्ये इंधन फारच थोडं उरलं होतं. रिकाम्या टाक्यांनी जहाज हलकं होतं, गुरुत्वमध्य वर जातो. समुद्राचं पाणी भरून ते सावरता येतं, पण इंधन घेण्याआधी तेच पाणी पुन्हा उपसावं लागतं, म्हणून कप्तान टाळाटाळ करतात. हवामान बिघडण्याचा अंदाज आला की पूर्ण टाकीची वाट न पाहता अर्धवट का होईना, आधीच भरून घ्यावं. तेही जमलं नाही, तर वेळ वाया गेला तरी चालेल, रिकाम्या टाक्यांत पाणी घ्यावं.