पावसाळ्यात लाव्हीचं खाद्य : जवस दळून साठवू नका

अंडी देणाऱ्या जपानी लाव्हीला (क्वेल) जवस जरूर द्या, पण दळून डब्यात भरून ठेवू नका. आषाढ-श्रावणात अंडी घटली की सगळे औषधाच्या मागे लागतात. दोष बहुधा महिन्याभरापूर्वी गिरणीतून आणलेल्या भरड्यात असतो.

जवसात ४० टक्क्यांच्या आसपास तेल. दाणा फुटला की दमट हवेत ते झपाट्याने खवट होतं, खाद्यातली अ आणि ई जीवनसत्त्वं नासवतं. पक्षी खाद्य उकरून सांडतात. आधी अंडी घटतात, मग उबवण. चिमूटभर भरडा बोटांत चोळून हुंगा. जुन्या ऑइलपेंटसारखा वास आला, तर फेकून द्या. नव्या खाद्यात मिसळून खपवू नका.

हिशेब सोपा आहे. १०० लाव्ह्या दिवसाला अडीच-तीन किलो खाद्य खातात. खाद्यात जवस ३ टक्के धरलं, तर तीन दिवसांच्या ९ किलोला लागतं २७० ग्रॅम. तेवढंच मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मिक्सरवर भरडा. गरम भरडलं तर डब्यात वाफ धरते आणि बुरशी लागते. कच्च्या जवसातले अपायकारक घटक भाजल्याने कमी होतात. तरी ५ टक्क्यांवर जाऊ नका.

मेथी अर्धा टक्का पुरे, जास्त झाली तर कडूपणाने पक्षी खाद्य सोडतात. कलौंजी १ टक्का. तिने अंडी वाढतात म्हणतात. आमच्या अंदाजाने खाद्य मुळात चांगलं असेल तरच थोडा फरक दिसतो.

दुकानदार ‘ओमेगा’ प्रीमिक्स, म्हणजे ओमेगा-३ मेदाचं तयार मिश्रण, पुढे करेल. घरचं ताजं जवस असताना त्यावर पैसे घालू नका. टॉक्सिन बाइंडर बुरशीच्या विषाला थोडाफार आवरतो, खवटपणा काढत नाही.

बाकी नेहमीचं:
- प्रथिनं २० टक्के, कॅल्शियम ३ टक्क्यांच्या आसपास
- उजेड १६ तास
- पोती जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब
- अंडी संध्याकाळी गोळा करा, लाव्ही बहुतेक अंडी दुपारनंतर घालते

पेरणीतून उरलेलं बियाणं कुठलंही असो, पक्ष्यांना घालू नका, धुऊनसुद्धा नाही. त्यावर चोळलेल्या थायरमसारख्या बुरशीनाशकामुळे मऊ कवचाची, बिनकवचाची अंडी पडतात. अशी अंडी दिसताच शिंपल्याचा चुरा वाढवण्याआधी बियाणं कुठून आलं ते बघा.